मोजणारा माणूस जहाजावर हवा

दीड-दोन किलोमीटर खोल पाण्यात काय राहतं, हे पाहायला संशोधन नौका पाठवणं फार खर्चिक आहे. मासेमारी जहाजं मात्र तिथे दरवर्षी जातातच. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात ती माणसाएवढ्या वाढणाऱ्या टूथफिशसाठी हजारो गळांची दोरी तळाशी सोडतात. तिथले नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची (भारत १९८६ पासून त्याचा सदस्य आहे) अट स्पष्ट आहे : वैज्ञानिक निरीक्षक सोबत नसेल तर गळ टाकायचा नाही.

दोरी वर येऊ लागली की निरीक्षकाचं काम सुरू. माशाची लांबी, वजन, नर की मादी, पोटात काय निघालं, सगळं नोंदवायचं. कानातला इवलासा खडा काढून ठेवायचा. झाडाच्या खोडासारखी त्यातही वर्षागणिक वलयं पडतात आणि वय कळतं. टनामागे किमान एक धडधाकट मासा क्रमांकाची खूण टोचून पुन्हा पाण्यात सोडला जातो. पुढे पकडलेल्या माशांत खुणेचे जितके कमी, तितका समुद्रातला साठा मोठा, असा तो हिशेब.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दहा लिटरची बादली. दोरीला अडकून आलेले स्पंज, प्रवाळ तीत वेगळे काढून मोजतात. हजार गळांच्या एका तुकड्याला असे दहा लिटर जीव निघाले, तर त्या जागेभोवती एक सागरी मैलापर्यंत मासेमारी बंद. खोल पाण्यातल्या काही प्रवाळांना वाढायला शतकं लागतात, तुटायला एक ओढ पुरते. बादलीत न मावणारंही कधी वर येतं. २००७ मध्ये याच समुद्रात, गळाला लागलेला टूथफिश खाता खाता सुमारे ४९५ किलोचा प्रचंड स्क्विड वर आला. तोवर ही प्रजाती मुख्यतः स्पर्म व्हेलच्या पोटातल्या अवशेषांवरून माहीत होती. आज तो वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

अर्थात या नोंदी जपून वाचाव्या लागतात. जहाज मासे भरपूर असतात तिथेच जातं, आणि गळाला तोंड न लावणारा जीव वहीत येतच नाही. म्हणून किती गळ, किती खोल, किती तास पाण्यात होते, हेही लिहावं लागतं. ‘काही मिळालं नाही’ ही नोंदसुद्धा तितकीच गरजेची, आणि ती करायला तिऱ्हाईत माणूसच लागतो.

आपल्याकडे मासळीची मोजणी मुख्यतः बंदरांवर होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था ती वर्षानुवर्षं चिकाटीनं करते आहे. पण जाळ्यात येऊन समुद्रातच फेकलं गेलेलं ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला कधी पोचत नाही. खोल पाण्यात उतरणाऱ्या आपल्या ट्रॉलरना परवाना देताना सरकारनं निरीक्षकाची एक जागा आत्ताच सक्तीची करावी, आणि मच्छीमार संस्थांनीही ती मागून घ्यावी.