चुलीच्या वाटेने इटलीकडे

इटली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रोममधील प्राचीन अवशेष, व्हेनिसचे कालवे आणि लिओनार्दोची चित्रे उभी राहतात. जेवण म्हटले की पिझ्झा. परंतु प्रवाशाला कोणताही देश खरा कळतो तो तिथल्या शेतकऱ्याच्या चुलीपाशी. या वाटेने गेले तर इटली आपल्या भोर-वेल्ह्याला परकी वाटत नाही, हेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या मुलांनी मोठ्या संख्येने इटली पाहिली ती हौसेने नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धात, सैनिकी गणवेशात. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते, पुढे माणगाव. त्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटेच मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेन्यो नदीच्या काठी गोळीबारातून जखमी साथीदारांना सुरक्षित जागी नेले आणि शत्रूची ठाणी मोडून काढली. मराठा रेजिमेंटच्या या दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेन्यो ज्या रोमान्या प्रांतातून वाहते, तेथील फोर्ली येथे भारतीय सैनिकांची दफनभूमी व स्मारक आहे.

याच रोमान्यात ‘पियादिना’ नावाची भाकरी खातात. गव्हाचे पीठ, मीठ, पाणी व डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचे तेल मळून ती लाटतात आणि मातीच्या किंवा लोखंडी तव्यावर भाजतात. आत ताजे मऊ चीज वा पालेभाजी घालून दुमडतात. हे मूळचे गरिबाघरचे अन्न. पण जोव्हान्नी पास्कोली या कवीने तिच्यावर कविता लिहिली आणि २०१४ साली युरोपीय संघाने तिला भौगोलिक मानांकन दिले.

उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात गेलो तर भातखाचरे भेटतात. युरोपात सर्वांत जास्त भात इटलीतच पिकतो. व्हेर्चेल्ली व नोव्हारा भागात पूर्वी हजारो स्त्रिया मोसमापुरत्या मजुरीला येत आणि गुडघाभर पाण्यात वाकून लावणी-बेणणी करीत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लढे दिले. पुढे तणनाशके व यंत्रे आली आणि ते काम संपले. आपल्याकडे आषाढात इरले घेऊन चिखलात उभ्या राहणाऱ्या आयाबहिणींना त्यांची पाठदुखी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्या भाताचा ‘रिसोत्तो’ करतात. आखूड, जाड दाणा लोण्यावर परततात आणि गरम रस्सा पळीपळीने घालीत ढवळतात. पेज काढून टाकीत नाहीत, त्यामुळे दाण्यातील पिष्ट सुटून भात दाटसर होतो. आपला गुरगुट्या भात याचा चुलतभाऊच म्हणावा.

मात्र गरिबीच्या अन्नाचे केवळ कौतुक करून भागत नाही. उत्तर इटलीत मक्याच्या पिठाचा ‘पोलेंता’ हाच गरिबांचा रोजचा आहार होता. एकट्या मक्यावर जगल्याने शरीराला नायसिन हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नसे आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ‘पेलाग्रा’ या रोगाने असंख्य शेतमजूर गेले. आज तोच पोलेंता हॉटेलात मानाने वाढला जातो. तेव्हा दोष मक्यात नव्हता. सोबत दुसरे काही खायला न मिळण्यात होता.

मित्रहो, आमच्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. माझ्यासारखी अनेक मुले येथे आहेत आणि त्यांतली काही नाचणीची भाकरी डब्याचे झाकण आडवे धरून खातात. रोमान्यातील माणूस आपली भाकरी पाहुण्याला अभिमानाने वाढतो. परदेशाची ओळख करून घ्यायची ती त्याच्यासारखे होण्यासाठी नव्हे. आपल्या ताटात काय आहे, ते कोणाच्या कष्टाने आले, हे नीट पाहता यावे, एवढ्यासाठी. डब्याचे झाकण बाजूला ठेवावे, इतकेच सांगणे.