दप्तर अडते कुठे?

काही दिवसांपूर्वी मुंबईच्या उपनगरातील एका सेवा केंद्रापुढे मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे घाटकोपरला राहणारे एक वयस्क गृहस्थ होते. गावच्या पीककर्जासाठी सातबाऱ्याचा उतारा हवा, म्हणून त्यांनी दिवसाचा रोज बुडवला होता. खिडकीतला मुलगा भला होता. पण पडद्यावरचे चक्र फिरत राहिले ते राहिलेच. अखेर तो म्हणाला, "काका, सर्व्हर हळू आहे. जेवणानंतर या." जेवणानंतरही तेच! गृहस्थ रिकाम्या हाताने परत गेले.

हे शब्द आता तुमच्याही गावात ऐकू येतात. शिक्षकांना तर शाळेची माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते हमखास ऐकावे लागतात. सर्वांची समजूत अशी की, यंत्र लहान पडले. मोठे आणले म्हणजे झाले. पण पुष्कळदा दुखणे यंत्राच्या आकारात नसते, शोधण्याच्या रीतीत असते. ते कसे ओळखायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

यंत्रातले दप्तर, म्हणजे डेटाबेस, तुमच्या तलाठ्याच्या दप्तरासारखेच असते. सातबारा गटनंबरवार असतो. आठ-अ खातेदारवार असतो. फेरफाराची वही निराळी. या वह्या एकमेकींना जोडतो तो गटनंबर किंवा खातेनंबर. माहिती अशी कोष्टकांत ठेवावी आणि कोष्टके समान नंबरांनी जोडावीत, ही कल्पना एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली आयबीएम कंपनीत असताना मांडली. आज बँका, कचेऱ्या, विद्यापीठे यांची बहुतेक दप्तरे याच रीतीने चालतात.

आता समजा, आठ-अ नाहीच, आणि कोणी विचारले, "सखाराम गणपत यांची जमीन कोठे कोठे आहे?" तलाठ्याला प्रत्येक सातबारा उलटून पाहावा लागेल. आठ-अ असला की एकच पान पुरे. यंत्राच्या भाषेत अशा वहीला सूची किंवा इंडेक्स म्हणतात. महाराष्ट्रात सातबारे आहेत सुमारे अडीच कोटी. सूचीच्या एका पानावर तीनशे नोंदी मावल्या आणि प्रत्येक नोंदीने पुढच्या एका पानाकडे बोट दाखवले, तर तीन पायऱ्यांत तीनशे गुणिले तीनशे गुणिले तीनशे, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येते. कोठे अडीच कोटी ओळी वाचणे आणि कोठे तीन पाने उलटणे! ही झाडासारखी फुटत जाणारी सूची बायर आणि मॅक्राइट या दोघांनी १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीत असताना सिद्ध केली.

आमच्या उपनगरातलाच दाखला देतो. अंधेरी पश्चिम रेल्वेवर, घाटकोपर मध्य रेल्वेवर. पूर्वी लोकलने जायचे तर दादरपर्यंत खाली जाऊन, गाडी बदलून पुन्हा वर यावे लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि आडवी वाट मिळाली. त्याकरिता लोकलच्या गाड्या मोठ्या कराव्या लागल्या नाहीत. सूची ही अशीच आडवी वाट आहे.

मग दिसेल तेथे सूची करावी काय? नाही. प्रत्येक नवा फेरफार आला की प्रत्येक सूचीतही नोंद करावी लागते. दहा सूच्या असल्या तर शोधणे सोपे, पण लिहिणे जड!

म्हणून जाणता माणूस आधी नाडी पाहतो. सारेच काम हळू आहे, की एकच प्रश्न अडतो? कधीपासून? कोणत्या वेळी? संथ प्रश्नांची नोंद यंत्राला ठेवायला सांगता येते. मग त्या प्रश्नाचा शोध कोणत्या वाटेने होणार, याचा आराखडा यंत्राकडूनच मागवता येतो. त्यात 'सर्व ओळी वाचल्या' असे दिसले की अर्धे निदान झाले. कधी सूची असूनही उपयोगी पडत नाही. शब्दकोशात 'कर' या अक्षरांनी संपणारी आडनावे शोधून पाहा. सारा कोश चाळावा लागेल. प्रश्नच उलटा विचारला, तर सूची काय करणार?

दुसरे कारण शिळ्या खानेसुमारीचे. कोणत्या कोष्टकात किती ओळी आहेत याचा अंदाज धरून यंत्र वाट निवडते. शंभर ओळी होत्या तेव्हाचा अंदाज दहा लाख ओळी झाल्यावरही कायम राहिला, तर वाट चुकणारच. ही मोजणी नव्याने करून घेतली की कित्येकदा तेवढ्यानेच काम सुधारते.

तिसरे कारण कुलुपाचे. एक कारकून वही उघडी ठेवून चहाला गेला, तर बाकीचे खोळंबतात. यंत्रातही नोंद बदलत असताना तिला कुलूप असते. म्हणून एकेक व्यवहार आटोपशीर ठेवावा लागतो.

चौथे कारण खरोखरीच्या गर्दीचे. रेल्वेने जून २०१५ पासून तत्काळ आरक्षणाच्या वेळा वेगळ्या केल्या. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहा, इतरांसाठी अकरा. गर्दी विभागली की तेच यंत्र अधिक लोकांना पुरते. हे सारे पाहून झाल्यावरच मोठ्या यंत्राचा विचार करावा. आणि बदल एका वेळी एकच. तोही आधी दप्तराच्या नकलेवर, घड्याळ लावून. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. शाळेचे जनरल रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने असते. घड्याळ लावून त्यात एका जुन्या विद्यार्थ्याचे नाव शोधायला सांगा. मग मुलांकडून नावांची अकारविल्हे यादी करवून घ्या, नावापुढे रजिस्टर नंबर घाला, आणि पुन्हा शोधा. सूचीचे मोल त्यांना आपोआप कळेल. नवीन प्रवेश आला की दोन ठिकाणी लिहावे लागते, हेही कळेल.

आणि श्रोतेहो, पुन्हा कोणी "सर्व्हर हळू आहे" म्हणाले तर रागावू नका, पण नुसते परतूही नका. नावाऐवजी गटनंबर किंवा खातेनंबर सांगा. काय मागितले होते, किती वाजता अडले, पडद्यावर काय शब्द आले, हे चिठ्ठीवर लिहून कचेरीत द्या. दुरुस्ती करणाऱ्याला 'हळू आहे' या तक्रारीपेक्षा अशी एक चिठ्ठी अधिक उपयोगी पडते. दप्तराचा एक क्षण वाचला, तर रांगेतल्या माणसाचा रोज वाचतो.