बिंदुसरेच्या काठी बाग करायची तर

बीड शहराच्या मधून बिंदुसरा वाहते. वाहते म्हणायचे एवढेच. पावसाळा सरला की पात्रात उरतात झुडपे, कचरा आणि गटारांचे पाणी. हा काठ साफ करून तिथे बाग करावी, असे कोणालाही वाटेल. पण बाग आखताना कोरडे पात्र पाहून चालत नाही, पूर डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

बिंदुसरा बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि पालीजवळचे धरण व बीड ओलांडून पुढे सिंदफणेला मिळते. डोंगर काळ्या बेसॉल्टचे. त्यांवर मातीचा थर पातळ, त्यामुळे जोराचा पाऊस मुरण्याआधीच उतारावरून धावत सुटतो. जुलै १९८९ मध्ये या नदीचा पूर शहरात शिरला, तो जुन्या बीडकरांना अजून आठवतो.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' याचा अर्थ पूर येऊन गेला की पंचवीस वर्षे निर्धास्त, असा मात्र नाही. दर वर्षी तो न येण्याची शक्यता २४/२५ असते. हा अपूर्णांक २५ वेळा मांडून गुणाकार करा (वर्गात कॅल्क्युलेटर चालेल). उत्तर सुमारे ०.३६ येते. म्हणजे २५ वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता ६४ टक्के!

म्हणून निळ्या रेषेच्या आत घरे नकोत. बाग मात्र चालते, कारण ती बुडून पुन्हा उभी राहू शकते. गवत, करंज, जांभूळ, उंबर यांना एखाद्या दिवसाच्या पुराचे फारसे काही वाटत नाही. स्वच्छतागृह आणि विजेच्या पेट्या मात्र वरच हव्यात. काँक्रीटच्या भिंती घालून पात्र आवळण्याचा मोहही टाळावा. तेवढेच पाणी अरुंद वाटेने जाताना उंच चढते. अहमदाबादेत साबरमती भरलेली दिसते ती नर्मदेच्या कालव्याच्या पाण्यामुळे. बीडला ती सोय नाही. इथे आधी गटारांचे पाणी अडवून शुद्ध करावे लागेल, नाहीतर बागेत नाक धरून बसावे लागेल.

आता त्या बागेत उतरणार कोण? पायऱ्या केल्या तर गुडघेदुखीची आजी आणि चाकाच्या खुर्चीतला मुलगा वरच राहतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. काठ ३ मीटर उंच असेल तर ३६ मीटर लांबीचा उतार हवा, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा. एवढी लांबी प्रवाहात आडवी घातली तर पुराला अडथळा होईल. ती काठाला समांतर न्यावी. बीडला उताराचे गणित नवे नाही. सोळाव्या शतकातल्या खजाना विहिरीचे पाणी निव्वळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत जाते.

गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणि मोजपट्टी घेऊन विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या एखाद्या ओढ्याच्या काठाची उंची मोजता येईल. पाइपात पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही.