धरणाखालचा गढूळ झरा

पिंपळगाव राजाच्या पेठेतील उधारी पिकावर चालते व पीक पाण्यावर. म्हणून खामगाव तालुक्यातील ज्ञानगंगेचे धरण मातीचे आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानी घ्यावे. अशा धरणातून थोडे पाणी झिरपणे भयाचे नव्हे. मात्र ते निर्मळ असावे. ते गढूळ झाले म्हणजे आतील माती वाहू लागली असे समजावे. पायथ्याशी पडलेले भोक उलट जलाशयाकडे वाढत जाते, आणि भिंत वरून धडधाकट दिसत असता आतून पोखरली जाते. वाळू-खडीचा गाळणथर नीट घातला असल्यास पाणी निघते व माती राहते.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. किमान १९ माणसे प्राणास मुकली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष लोटला तो खेकड्यांवर! खेकड्यास नोटीस बजावता येत नाही. तक्रारअर्ज ज्याच्या दप्तरी पडून राहिला त्यास मात्र येते. गळतीचे माप व पाण्याचा रंग यांची नोंद पावसाळाभर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, एवढे मागण्याचा हक्क ज्ञानगंगेकाठच्या रयतेस खचित आहे.