घरातील धूर आणि मुलांची फुप्फुसे

म्हैसूर हे नाव घेताच राजवाडा, रेशीम आणि चंदन यांची आठवण होते. परंतु याच जिल्ह्यातील हुणसूर, पिरियापट्टण व हेग्गडदेवनकोटे या तालुक्यांत तंबाखूचे पीकही मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. भट्टीतील उष्णतेने वाळवलेली ही पाने तंबाखू मंडळाच्या लिलाव केंद्रांवर विकली जातात व मुख्यतः सिगारेटींसाठी वापरली जातात. पान जळाल्यावर त्याचा धूर कोठे जातो, हा प्रश्न मात्र तंबाखू पिकवणाऱ्या जिल्ह्यापुरता मर्यादित नाही. ज्या घरात आई किंवा वडील विडी-सिगारेट ओढतात, अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

सिगारेटचा धूर दोन प्रकारचा असतो. एक ओढणारा माणूस आत घेऊन बाहेर सोडतो. दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात धुमसणाऱ्या टोकातून सरळ हवेत मिसळतो. या दुसऱ्या धुराच्या वेळी तपमान कमी असल्याने तंबाखूचे ज्वलन अपुरे राहते व अनेक विषारी द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण होतात. खोलीत साठणाऱ्या धुराचा मोठा भाग याचाच असतो.

हा धूर मुलांना अधिक बाधतो, याची कारणे शरीररचनेतच आहेत. प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत मिनिटास १२ ते २० वेळा श्वास घेतो. नवजात अर्भक ३० ते ६० वेळा. साहजिकच वजनाच्या मानाने मुलाच्या शरीरात अधिक हवा, आणि म्हणून अधिक धूर जातो. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. थोडी सूज आली किंवा कफ साठला, तरी त्यांतील मार्ग आकसतो. शिवाय फुप्फुसांची वाढ अद्याप चालू असते. आणि पाळण्यातील मूल उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

लंडनच्या हॅरो भागातील दोन हजारांहून अधिक अर्भकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले. आईवडील दोघेही धूम्रपान करीत असलेल्या घरांत पहिल्या वर्षी न्युमोनिया व श्वासनलिकादाह यांचे प्रमाण, दोघेही न करणाऱ्या घरांच्या मानाने दुपटीहून अधिक आढळले. एकच पालक धूम्रपान करीत असेल, तर ते प्रमाण या दोहोंच्या मध्ये होते. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या संशोधनाने या निष्कर्षाला पुष्टी दिली. वारंवार खोकला, छातीतील घरघर, दम्याचे तीव्र झटके, मधल्या कानाचे विकार आणि फुप्फुसांची मंदावलेली वाढ हे या धुराचे परिणाम होत.

आपल्याकडे स्त्रियांमध्ये धूम्रपान कमी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांपैकी १९ टक्के, तर स्त्रियांपैकी केवळ २ टक्के धूम्रपान करीत असल्याचे दिसून आले. त्याच पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागत होते. त्याच छपराखाली वाढणारी मुले यातून सुटत नाहीत.

खिडकी उघडली, पंखा लावला किंवा शेजारच्या खोलीत जाऊन ओढले की मूल सुरक्षित राहते, असा समज आहे. तो खरा नाही. धूर दाराच्या फटींतून पसरतो आणि त्याचे अंश कपड्यांवर, अंथरुणांवर व भिंतींवर टिकून राहतात. दुसऱ्याच्या धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी २००६ च्या अहवालात दिला.

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. त्यामुळे म्हैसूरच्या चित्रपटगृहात किंवा बसस्थानकावर वडिलांबरोबर असलेल्या मुलाला कायद्याचे संरक्षण मिळते. मूल घरी परतले की ते संरक्षण उंबरठ्याशीच संपते. तेथून पुढे मुलाचा श्वास आईवडिलांच्या निर्णयावरच अवलंबून असतो. धूम्रपान सोडणे हाच सर्वोत्तम उपाय होय. ते साधेपर्यंत घराच्या छपराखाली विडी-सिगारेट पेटवायची नाही, एवढा नियम तरी प्रत्येक घराला पाळता येईल.