भिंतीतल्या सॉकेटचा पत्ता

जुन्या लँडलाइनचं ठिकाण तिच्या तारेवरून कळायचं. तांब्याची कोणती जोडी कोणत्या घरात जाते, याची नोंद टेलिफोन एक्स्चेंजकडे असायची. इंटरनेटवर चालणाऱ्या आयपी फोनला असं बंधन नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फोन उचलून सातव्यावर लावला तरी नंबर तोच राहतो. एरवी ही सोयच. पण सातव्या मजल्यावर कोणी छातीत कळ येऊन कोसळलं, तर मदत केंद्राच्या पडद्यावर फार तर कंपनीच्या मुख्य दाराचा पत्ता उमटतो. रुग्णवाहिका दारापर्यंत वेळेत येते आणि मग मोलाची मिनिटं मजले शोधण्यात जातात.

अमेरिकेत यासाठी कायदा आहे. २०१८च्या रे बॉम्स ॲक्टच्या कलम ५०६मुळे कार्यालयं, हॉटेलं यांच्या अंतर्गत फोनवरून ९११ला केलेल्या कॉलसोबत मजला, खोली असा नेमका तपशील जाणं आवश्यक ठरलं. जागेवर पक्क्या बसवलेल्या फोनांना हा नियम ६ जानेवारी २०२१पासून लागू झाला, हलवता येणाऱ्या फोनांना त्यानंतर वर्षाने. पुण्यात बसून अमेरिकी ग्राहकांची नेटवर्कं सांभाळणाऱ्या इंजिनिअरांकडेही हे काम येतं, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

फोनला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसतं. तो ज्या स्विचला जोडला आहे, त्या स्विचचे पोर्ट मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून पत्ता पोर्टवर लिहून ठेवायचा आणि पोर्टने तो फोनला सांगायचा. हे सांगणं एलएलडीपी या प्रोटोकॉलमधून होतं. स्विच साधारण दर ३० सेकंदांनी आपली ओळख तारेच्या दुसऱ्या टोकाला कळवतो आणि हा निरोप लगतच्या उपकरणापुरताच असतो. फोनसारख्या उपकरणांसाठी २००६मध्ये त्यात एलएलडीपी-मेड ही भर पडली आणि त्या निरोपात ठिकाणही जाऊ लागलं. फोन जोडताक्षणी स्विच सुरुवातीचे काही निरोप सेकंदा-सेकंदाला धाडतो, त्यामुळे पत्त्यासाठी थांबावं लागत नाही.

ठिकाण तीन प्रकारे लिहिता येतं. अक्षांश-रेखांश हा एक. बहुमजली इमारतीत मला तो फारसा उपयोगी वाटत नाही. दुसरा नागरी पत्ता: देश, राज्य, शहर, रस्ता, घरक्रमांक, इमारत, मजला, खोली, प्रत्येकाचा वेगळा रकाना. तिसरा प्रकार म्हणजे एलिन, एक खराखुरा फोन नंबर. ९११चा कॉल त्या नंबरवरून आल्याचं दिसतं आणि त्या नंबरपुढे कोणता पत्ता नोंदला आहे ते मदत केंद्राला कळतं.

सिस्कोच्या स्विचवर आधी एलएलडीपी चालू आहे ना, ते पाहायचं. अनेक मॉडेलांवर तो मुळात बंद असतो. मग पत्ता एकदा लिहून त्याला ओळख क्रमांक द्यायचा आणि संबंधित पोर्टवर जाऊन तो क्रमांक जोडायचा. आज्ञा मोजक्याच आहेत.

कस लागतो तो पत्ता ठरवताना. पोर्टवर लिहायचा तो सॉकेटचा पत्ता, स्विचचा नव्हे. स्विच दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असेल आणि त्याच्या ४८ पोर्टांच्या तारा दोन मजल्यांवर पसरलेल्या असतील, तर सगळ्या पोर्टांना कपाटाचा पत्ता देणं सोपं आहे आणि घातक आहे. कोणता पोर्ट पॅच पॅनेलच्या कोणत्या भोकातून कोणत्या सॉकेटपर्यंत जातो, याची यादी आधी हवी. ती जुनी असेल तर तिथल्या कोणाला तरी टोनर घेऊन प्रत्येक तार तपासायला सांगावी. लांबून काम करणाऱ्याने मजल्यांचा आकडाही विचारून घ्यावा: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आपल्या तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. आपल्या सवयीने आकडा टाकला, तर मदत एक मजला खाली जाईल.

यादी केली म्हणजे झालं, असंही नाही. डेस्क बदलले की कोणीतरी कपाटात जाऊन पॅच कॉर्ड दुसऱ्या पोर्टमध्ये खोचतो आणि पत्ता त्या क्षणी खोटा ठरतो. म्हणून तार हलवण्याच्या प्रत्येक विनंतीत ‘पोर्टवरचा पत्ता बदलला का’ हा रकाना असावा, असा माझा आग्रह आहे. टेबलाखाली लावलेला छोटा साधा स्विचही घोळ करतो. काही असे स्विच एलएलडीपीचे निरोप पुढे जाऊच देत नाहीत, आणि जे देतात त्यांच्यामागच्या सगळ्या फोनांना एकच पत्ता मिळतो. वाय-फायवरच्या फोनांना तर भिंतीतला पोर्टच नसतो. त्यांचं ठिकाण ॲक्सेस पॉइंटवरून काढावं लागतं.

शेवटी पडताळणी. स्विचवर शेजाऱ्यांची यादी तपशिलासह काढून फोन दिसतो का ते पाहावं, मग फोनच्या पडद्यावरच्या नेटवर्क माहितीत पत्ता पोचला का ते पाहावं. ९११वर चाचणीचे कॉल करून तिथल्या लोकांना अडवू नये. अमेरिकेतल्या अनेक फोन सेवांमध्ये ९३३ फिरवलं, की त्या फोनचा नोंदलेला पत्ता वाचून दाखवला जातो. प्रत्येक मजल्याच्या दोन्ही टोकांच्या फोनांवरून तो ऐकावा आणि फोनसमोर उभ्या माणसाकडून खोली क्रमांक ताडून घ्यावा.