चोवीस तासांचें इन्सुलिन

निरोगी माणसाच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन दोन प्रकारें स्रवत असतें. जेवण पोटांत जातांच त्याचा एक लोंढा येतो व दोनतीन तासांत ओसरतो. दुसरा प्रवाह मंद, पण अखंड. मनुष्य झोपेंत असो कीं उपवासाला बसलेला असो, त्याचें यकृत रक्तांत साखर सोडीतच असतें. तिला आवर घालण्याचें काम हा मंद प्रवाह करतो. मधुमेहांत तो आटला म्हणजे बाहेरून पुरवावा लागतो, आणि त्यासाठीं जें टोंचून घ्यावयाचें तें दीर्घकार्यकारी इन्सुलिन. आज तें अनेक नांवांनीं मिळतें, व त्यांच्या किंमतींत इतकें अंतर आहे कीं मंठ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं पगारावर वा कापसाच्या पिकावर चालणाऱ्या घरांत, महाग तेंच चांगलें काय, हा प्रश्न दरमहा उभा राहतो.

इन्सुलिनचें पहिलें इंजेक्शन ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटो येथें एका चौदा वर्षांच्या मुलास दिलें गेलें. त्या काळच्या औषधाचा अंमल कांहीं तासांतच सरे, म्हणून तें दिवसांतून अनेकदां टोंचावें लागे. डेन्मार्कचे डॉक्टर हागेडॉर्न यांनीं १९३६ मध्यें माशांच्या शुक्रांतील प्रोटॅमिन नांवाचें प्रथिन त्यांत मिसळून त्याचें विरघळणें लांबविलें. १९४६ मध्यें त्यांच्याच प्रयोगशाळेंत या मिश्रणास आजचें रूप मिळालें. तेंच एन. पी. एच. इन्सुलिन, शेवटचें अक्षर हागेडॉर्न यांच्या नांवाचें. तें आजही सर्वांत स्वस्त आहे.

हें औषध दुधासारखें गढूळ असतें आणि ठेवून दिलें कीं त्याचा साका तळाशीं बसतो. घेण्यापूर्वीं बाटली दोन्ही तळहातांमध्यें हळूहळू फिरवून तें एकजीव करावें लागतें. जोरानें हलवूं नये. यांत आळस झाला तर एके दिवशीं पातळ व दुसऱ्या दिवशीं घट्ट औषध अंगांत जातें, आणि साखर कां चढली वा उतरली याचा उलगडा होत नाहीं. पण त्याचा मुख्य दोष निराळा आहे. टोंचल्यापासून चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याचा जोर शिगेला पोंचतो व बारा ते अठरा तासांत तो संपतो. रात्रीं नऊला टोंचलेलें औषध ऐन झोपेंत जोर करतें. रात्रीचें जेवण कमी झालें असेल, किंवा एकादशी म्हणून दोन घांस फराळावरच भागविलें असेल, तर मध्यरात्रीनंतर साखर एकदम खालीं येते. दरदरून घाम, थरकांप, बरळणें आणि वेळेवर साखर वा ग्लुकोज न मिळाल्यास बेशुद्धि, असा तो क्रम आहे. ज्या घरांत वृद्ध मनुष्य एकटा निजतो तेथें हा धोका जिवावरचा समजावा.

हा शिगेचा जोर मोडण्यासाठींच पुढचीं औषधें निघालीं. २००० च्या सुमारास आलेलें ग्लार्जिन पाण्यासारखें स्वच्छ असतें. तें आम्ल द्रवांत विरघळविलेलें असून त्वचेखालीं जातांच त्याचे सूक्ष्म कण बनतात, आणि ते सुमारें चोवीस तास सावकाश विरघळत राहतात. मात्र या आम्लतेमुळेंच तें दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्यें मिसळतां येत नाहीं. डिटेमिर नांवाचा एक प्रकार रक्तांतील आल्ब्युमिनला चिकटून टिकतो; पण त्याच्या निर्मात्यानेंच तो बाजारांतून काढून घेण्यास आरंभ केला आहे. डेग्लुडेकचे रेणू त्वचेखालीं सांखळी गुंफतात व बेचाळीस तासांहूनही अधिक काळ काम करतात. प्रवासांत वा फिरत्या पाळीच्या नोकरींत एखाद्या दिवशीं वेळ चुकली तरी त्यानें फारसें बिघडत नाहीं. उलट, त्याची मात्रा बदलली तर परिणाम कळावयास तीनचार दिवस लागतात, म्हणून रोज मात्रा हलविणाऱ्या उतावळ्या माणसाला तें मानवत नाहीं. आठवड्यांतून एकदां घ्यावयाच्या आयकोडेकला युरोपांत २०२४ मध्यें मान्यता मिळाली. परंतु पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत त्यानें साखर उतरण्याचे प्रसंग वाढलेले आढळले.

मग जुनें टाकूनच द्यावें काय? तसें नाहीं. कॅलिफोर्नियांतील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या पंचवीस हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी २०१८ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत नवीं औषधें घेणाऱ्यांना साखर उतरून रुग्णालयांत जावें लागण्याचे प्रसंग एन. पी. एच. घेणाऱ्यांपेक्षां कमी आढळले नाहींत. ज्याचें जेवण वेळेवर आहे आणि ज्याला रात्रीं त्रास होत नाहीं, त्यानें केवळ नवेपणासाठीं घरखर्चाला कात्री लावूं नये. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेलें मूल, एकटा राहणारा वृद्ध, किंवा रात्रीं साखर उतरण्याचा अनुभव आलेला रोगी, यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतींत जादा खर्च सार्थकीं लागतो. भारत सरकारनें २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत ग्लार्जिनचा समावेश केला आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, वोखार्टच्या कारखान्यांत इन्सुलिन तयार होऊं लागलें हेंही मराठवाड्यांतील वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

औषध बदलणें हें डॉक्टरांचेंच काम. दिवसांतून दोनदां घेतलेल्या एन. पी. एच.वरून ग्लार्जिनवर येतांना एकूण मात्रा सामान्यतः एक पंचमांशानें कमी करून आरंभ करतात. आंकडा तोच ठेवणें धोक्याचें. त्याहून मोठा घोटाळा सिरिंजचा. आपल्याकडे बाटलींतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटें या ताकदीचें असतें आणि त्याच्या सिरिंजचें टोपण लाल. पेनमधील औषध बहुतेक १०० युनिटांचें, त्या ताकदीच्या सिरिंजचें टोपण नारिंगी. १०० च्या ताकदीचें औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्यें २० च्या रेघेपर्यंत ओढलें तर अंगांत ५० युनिटें जातात.

राहिला उन्हाळा. मंठ्याकडे वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो, वीजही जाते. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. गोठलेलें इन्सुलिन फेंकूनच द्यावें लागतें. फ्रिज नसेल तेथें घट्ट झांकणाच्या डबींत बाटली ठेवून ती डबी पाणी भरलेल्या मातीच्या माठांत सोडावी. कोरड्या हवेंत पाझर चांगला होतो आणि आंत बाहेरच्यापेक्षां बराच गारवा राहतो. ग्लार्जिनची उघडलेली बाटली तीस अंशांच्या आंत अठ्ठावीस दिवसच चालते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.